आई छाटणीला गेली तो ऑक्टोबर

दसरा उलटला की तळवड्यातल्या आमच्या शेडचा पत्रा इतका तापतो की दुपारचा डबा गरम करावा लागत नाही. पावसानं धुतलेलं आभाळ, कोरडी हवा आणि पांढरं ऊन. समोरच्या रिकाम्या प्लॉटमधलं गवत आठ दिवसांत हिरव्याचं पिवळं होतं. चाकणच्या कंपन्यांच्या बस धूळ उडवत जातात, ती धूळ आम्ही नुकत्याच घासून चकचकीत केलेल्या स्टीलवर येऊन बसते आणि आमची माणसं पुन्हा फडकं घेऊन पुसत बसतात. पूर्वी हे दिवस मला नकोसे वाटायचे. आता ते आले की घरात एक गडबड सुरू होते.

यंदाही झाली. संत तुकाराम नगरच्या आमच्या दोन खोल्यांत आईनं कपाटावरची निळी बॅग खाली काढायला लावली आणि म्हणाली, "तुझा फुल बाह्यांचा एक शर्ट दे. जुना दे. कॉलर फाटली असली तरी चालंल."

द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायका साडीवर पुरुषाचा शर्ट घालतात, काड्यांनी हात ओरबाडू नयेत म्हणून. मला हे पाच वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. माझ्या आईबद्दल पुष्कळ गोष्टी मला पाच वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हत्या.

आई मूळची तासगावकडची. लग्नाआधी आणि लग्नानंतरची काही वर्षं ती लोकांच्या बागांत रोजानं जायची. मी तीन वर्षांचा असताना वडिलांना भोसरीच्या एका कंपनीत हेल्परचं काम लागलं आणि आम्ही इकडे आलो. बाग सुटली ती सुटलीच. पुढं आईनं मेसमध्ये पोळ्या लाटल्या, मला आयटीआय करवलं, माझं लग्न करून दिलं. तिच्या तोंडी द्राक्षाचा विषय फारसा नसायचा. बाजारात हातगाडीवर घड दिसले तर एखादा उचलून देठाकडून बघायची, "लवकर तोडलंय," असं म्हणायची आणि खाली ठेवायची. एवढंच.

वडील मी नववीत असताना गेले. दारूनं गेले. माणूस वाईट नव्हता. मला खांद्यावर बसवून मोरवाडीच्या बाजारातून आणायचे, शेंगदाणे सोलून माझ्या खिशात भरायचे. पण पिऊन आले की दारातच सांगायचे, "आज घेतली न्हाई हां." कुणी विचारायच्या आतच सांगायचे. चुलत्याच्या लग्नात, मेसच्या मालकाच्या वाढदिवसाला, जिथं बाटली उघडेल असं वाटायचं तिथून आई आधीच उठून यायची. आजही घरात खोकल्याचं औषध आलं तर ती झाकण काढून आधी वास घेते.

अशा आईचा मी मुलगा. मी आयुष्यात दारूला हात लावला नाही. आणि माझा धंदा टाक्यांचा.

आमचं वर्कशॉप लहान आहे. मी, एक भागीदार आणि सहा कामगार. स्टीलच्या पत्र्याला गोलाई द्यायची, आर्गन वेल्डिंगनं जोड मारायचे, आतून आरशासारखं पॉलिश करायचं. बरीच वर्षं आम्ही दूध डेअऱ्यांच्या टाक्या केल्या. मग जुन्नरकडच्या एका वायनरीचे मालक आले. त्यांना वाइनसाठी टाक्या हव्या होत्या. काम तेच होतं. आतल्या जोडावरून बोट फिरवलं तर नखाला काही लागता कामा नये, ही अट दुधालाही असते आणि वाइनलाही. आम्ही ऑर्डर घेतली.

दर दसऱ्याला आई वर्कशॉपमध्ये यायची आणि मशिनींची पूजा करायची. पाच वर्षांपूर्वीच्या त्या दसऱ्याला शेडमध्ये चार उंच नव्या टाक्या उभ्या होत्या. तिनं एकेकीला हळदीकुंकू लावलं. एकीच्या झाकणातून डोकं आत घालून "ए" असं बारीक ओरडून बघितलं आणि आतून आवाज परत आल्यावर स्वतःशीच हसली.

"ह्या कुठल्या डेअरीच्या?" तिनं विचारलं.

"जुन्नरकडच्या," मी म्हणालो.

जुन्नर खरं होतं. डेअरी हा शब्द तिचा होता. मी तो खोडला नाही, एवढंच केलं. पण मग ती टाकीवर हात ठेवून म्हणाली, "किती लेकरं दूध पित्याल ह्यातलं." माझी बायको सुनंदा प्रसादाचे पेढे वाटत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान वळवली.

टाक्या जाऊन बसल्या. आठेक दिवसांनी रविवारी सकाळी मालकांचा फोन आला. मी दाढी करत होतो, म्हणून फोन स्पीकरवर टाकला होता. "बागेची छाटणी चालू आहे," ते म्हणाले, "घरच्यांना घेऊन या एकदा. टाक्या कशा दिसतात तेही बघा."

आई भाजी निवडत बसली होती. तिचा हात थांबला.

"त्या डेअरीवाल्याची द्राक्षबाग हाय व्हय?"

मी गालावरचा फेस पुसत हो म्हणालो. आता खोटं दोनदा झालं.

"मला न्हे," आई म्हणाली. माझी आई सहसा काही मागत नाही. तिनं शेवटचं काय मागितलं होतं ते मला आठवेना.

सुनंदा मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "गाडीत बसायच्या आत सांगा त्यांना," ती म्हणाली. "तिकडं जाऊन कळलं तर फार वाईट होईल."

मी मान हलवली. पण सांगितलं नाही. मोशी गेली, चाकणचा चौक गेला. तिथं ट्रेलरच्या मागं पाऊण तास अडकलो होतो. सांगायला भरपूर वेळ होता. आई मागच्या सीटवर खिडकीशी बसून बोलत होती. एरवी प्रवासात डोळे मिटून घेणारी आई राजगुरुनगर, मंचर येईपर्यंत बोलत होती. छाटणीला मुकादम कोण होता, कात्रीनं बोटाला पडलेले घट्टे कसे मेणानं चोळायचे, दुपारी विहिरीवर भाकरी सोडायचो तेव्हा चटणीत द्राक्षाची आंबट पानं कुस्करून कशी घालायचो. सुनंदा हुंकार देत होती. मी आरशात बघत होतो. आईचा चेहरा मी न पाहिलेल्या वयाचा दिसत होता.

परदेशात म्हणे द्राक्षं शरदात पिकतात. खुडणीचे उत्सव होतात, लोक गावोगावच्या वायनऱ्यांना चव घ्यायला जातात. आपल्याकडं शरदात बाग बोडकी होते. पावसाळाभर माजलेलं रान कात्रीनं उतरवून टाकतात, खाली पानांचा आणि काड्यांचा खच पडतो. वर नुसत्या तारा आणि त्यांना बिलगलेले खोडांचे काळे हात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी बागेवर सूड उगवला. नारायणगावच्या पुढं आम्ही पोचलो तेव्हा निम्मी बाग अशी झाली होती आणि निम्मी अजून दाट होती. कापलेल्या काड्यांचा ओला, हिरवा वास होता. पलीकडं डोंगर आणि स्वच्छ ऊन.

आई गाडीतून उतरली ती इमारतीकडं गेलीच नाही. सरळ ओळीत शिरली. साताठ बायका छाटत होत्या. त्यांच्यात हौसाबाई म्हणून एक होती, आईच्याच वयाची, ठेंगणी, डोक्याला पंचा बांधलेली. आईनं तिला विचारलं, "किती डोळं ठेवताय?" डोळा म्हणजे काडीवरचा कोंब फुटायची जागा.

हौसाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कात्री पुढं केली. "तुमीच दावा."

आईनं चष्मा सारखा केला. पहिली काडी धरली, बोटानं डोळे मोजले, थोडा विचार केला आणि कापली. दुसरी कापली. तिसरीला ती मोजत नव्हती. चष्म्याखाली ओठ थोडे आत ओढलेले, डावा हात काडी शोधतोय आणि उजवा कापतोय, पाय आपोआप पुढं सरकतायत. बागेतली माणसं वेलीला झाडच म्हणतात. आई एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडं जात होती आणि मागं नीटस उघडी खोडं उभी राहत होती. तिला गुडघ्याचा त्रास आहे हे मी विसरलो. बहुतेक तीही विसरली होती. मला वर्कशॉपमध्ये लोक म्हणतात, मोहन, तुझा हात चांगला आहे. हात कुठून आला ते मला त्या दिवशी दिसलं.

अकरा झाडं झाली. बाराव्याला हात घालता घालता आई म्हणाली, "जात कुठली ही? आमच्याकडं काडी एवढी आखूड न्हाई ठेवत."

"ही खायाची न्हाईत बाय," हौसाबाई म्हणाली. "वाइनची हाईत. तिकडं त्या शेडात करत्यात. नव्या टाक्या आल्यात बघा, पुण्याकडनं."

मी तीन पावलांवर उभा होतो. आईनं माझ्याकडं बघितलं. तिला पुन्हा विचारावं लागलं नाही. तिनं कात्री मिटली, हौसाबाईच्या हातात दिली आणि बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसली.

मी शेजारी बसलो. म्हणालो, "आई, ही तसली दारू नसते. लोक जेवताना थोडी घेतात. सरकारमान्य धंदा आहे."

"मी दारूचं काय म्हटलं का?" ती म्हणाली. मग सावकाश म्हणाली, "तुजा बाप प्यायचा त्ये मी सोसलं. पन घेतली न्हाई म्हणायचा ना, त्ये मला लई लागायचं. वास येतोय, पाय लटपटत्यात, आन म्हणतोय न्हाई. मला येडी समजायचा. तू बी मला येडी समजलास."

वडिलांशी माझी तुलना आईनं त्याआधी कधी केली नव्हती. वडिलांसारखं व्हायचं नाही एवढ्या एका गोष्टीवर मी माझं आयुष्य उभं केलं होतं. ग्लासाला हात न लावता मी त्यांच्याच जागी जाऊन बसलो होतो.

मालकांनी जेवायला थांबवलं. आई दोन घास जेवली. टाक्या बघायला ती आली नाही. परतीच्या वाटेवर तिनं डोळे मिटून घेतले होते आणि ती झोपलेली नाही हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

त्यानंतरची दिवाळी मला चांगली आठवते, कारण ती फार नीट झाली. चकल्या झाल्या, करंज्या झाल्या, आई माझ्याशी बोलत होती, जेवायला वाढत होती. फक्त वर्कशॉपचं नाव काढत नव्हती. पूर्वी मी आलो की चहा देताना विचारायची, "आज काय केलंस?" ते बंद झालं. तीन शब्दांचा प्रश्न, पण तो गेल्यावर संध्याकाळ केवढी मोठी झाली.

मी माफी मागितली. ती "बरं" म्हणाली. माफीनं काही होण्यासारखं नव्हतं. मग मी एक सुरू केलं. रोज आल्यावर, तिनं न विचारता, मी सांगायला लागलो. आज औषध कंपनीची टाकी केली. आज सॉसच्या कारखान्याची दुरुस्तीला आली. आज त्या जुन्नरच्या वायनरीचा फोन होता, अजून दोन पाहिजेत म्हणाले; घेऊ का नको ठरवलं नाही. आई मेथी निवडत असायची किंवा टीव्ही बघत असायची. उत्तर द्यायची नाही. सुनंदा म्हणाली, "सांगत राहा." थंडी पडली. स्वेटर निघाले. एका संध्याकाळी मी दमून काहीच न बोलता खुर्चीत बसलो, तेव्हा आईनं मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हणाली, "आज सांगितलं न्हाईस काय केलं ते."

मी सांगितलं. तिनं ऐकलं. मग म्हणाली, "त्या दोन टाक्या घे. काम कामाच्या जागी. पन मला काय सांगायचं त्ये नीट सांग."

संक्रांतीनंतर तिनं स्वतःच विषय काढला. "हौसाबाई म्हणत हुती, शिवरात्रीच्या आत खुडत्यात. मी अकरा झाडं छाटल्यात. काय आलंय त्ये मला बघायचंय."

खुडणी उन्हाच्या आधी करतात, म्हणून आम्ही पहाटे निघालो. चाकणला पहिल्या शिफ्टची माणसं कानटोप्या घालून बसची वाट बघत होती. बागेत पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि पानांवर दव होतं. ती उजाड बाग पुन्हा भरून गेली होती. मला ओळ सापडली नसती. हौसाबाईनं खुणेला तारेवर लाल चिंधी बांधून ठेवली होती. "तुमची म्हणून ठिवली," ती आईला म्हणाली. "ह्या झाडांना आमी हात लावला न्हाई अजून."

आई पहिल्या झाडासमोर वाकली. घड लहान, घट्ट, जवळजवळ काळे. मणी बोराच्या बीएवढा. "एवढंसंच?" ती म्हणाली. एक मणी तोंडात टाकला, चावला, बिया हातावर घेतल्या. "गोड हाय," म्हणाली. "सालीत दम हाय."

अकरा झाडांची अडीच क्रेट भरली. आई खाली बसून एकेक घड हलक्या हातानं ठेवत होती, सुकलेला मणी असेल तर नखानं काढत होती. क्रेट ट्रॉलीत चढवायला मी पुढं झालो तेव्हा ती म्हणाली, "मी बी येते. कुठं न्हेत्यात बघू दे."

अशी ती आपल्या पायांनी त्या शेडमध्ये आली. आत गारवा होता आणि आंबूस, फळाचा, थोडा ओल्या लाकडासारखा वास. माझ्या चार टाक्या ओळीनं उभ्या होत्या. आई एकीजवळ गेली. जोडावर तळहात ठेवला आणि वरून खाली नेला, पुन्हा खालून वर नेला.

"कुठं जोडलंय?"

"तिथंच. तुझ्या हाताखाली."

"लागत न्हाई हाताला," ती म्हणाली आणि हात तिथंच ठेवून उभी राहिली.

श्रुती म्हणून एक तरुण मुलगी तिथं वाइन करायचं बघते. तिनं दाबयंत्राखालून स्टीलच्या पेल्यात ताजा रस धरला आणि आईसमोर केला. आईनं सवयीनं आधी वास घेतला.

"आजी, हा नुसता रस आहे," श्रुती म्हणाली. "अजून काही झालेलं नाही त्याचं."

"कवा हुती त्याची दारू?"

"उद्यापरवा फसफसायला लागेल. मग आठदहा दिवस."

"मग आज चालतंय," म्हणत आईनं पेला रिकामा केला. वरच्या ओठावर जांभळी रेघ उमटली. सुनंदानं पदरानं पुसायला हात केला तर आई म्हणाली, "राहू दे."

पलीकडच्या खोलीत पुण्याहून आलेली दहाबारा माणसं चव घेत होती. पातळ काचेचे ग्लास, तळाशी थोडीशी वाइन. ते ग्लास हलवायचे, नाक आत घालायचे, एक घोट तोंडात घोळवायचे. काही जण तो शेजारच्या बादलीत थुंकायचे. आई दारात उभी राहून बघत होती.

"थुकत्यात? मग घेत्यात कशाला?"

"चव बघायला," श्रुती म्हणाली. "दिवसभर बऱ्याच वाइन चाखायच्या असतात, सगळ्या पोटात घेतल्या तर चव कळत नाही."

आई कितीतरी वेळ त्या बादलीकडं बघत होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुज्या बापानं चव कवाच बघितली न्हाई. गपकन वतायचा. डोळं मिटून."

तिच्या आवाजात राग नव्हता. इतक्या वर्षांनी तिला त्यांची कीव आली होती, असं मला वाटलं. कदाचित आठवणही.

श्रुतीनं माझ्या हातात ग्लास दिला. "तुमच्या टाकीतली पहिली आहे. गेल्या हंगामातली साठवून ठेवलेली, तुमच्या टाकीत ठेवली होती." मी तो धरून उभा राहिलो. एवढ्या टाक्या केल्या, आत काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. मी ग्लास परत द्यायला लागलो.

"घे," आई म्हणाली. "घ्यायची तर माझ्याम्होरं घे."

मी ओठाला लावला. जिभेवर जांभळासारखं काहीतरी ओढलं गेलं, घसा किंचित गरम झाला. मी बादलीकडं वळलो आणि थुंकलो.

"कशी हाय?"

"तुरट. तोंड आकसतं. मला नाही आवडली." मग जे खरं होतं ते पुढं सांगितलं. "पण वास चांगला आहे, आई. वास फार चांगला आहे."

"असू दे," ती म्हणाली. तिनं ग्लास माझ्या हातातून घेतला, नाकाजवळ नेला, डोळे मिटले. मग टेबलावर ठेवला, जपून, काच वाजू न देता. "द्राक्षाचाच हाय," म्हणाली आणि बाहेर उन्हात गेली.

तेव्हापासून ऑक्टोबर आला की आई आठवडाभर हौसाबाईकडं राहायला जाते. पहिल्या वर्षी मी विरोध केला, गुडघ्याचं कारण काढलं. ती म्हणाली, गुडघा इथं पोळपाटासमोर जास्त दुखतो. तिच्या नसण्यानं घर रिकामं वाटतं. सुनंदा दोनदा चुकून तिच्या वाटणीचा चहा टाकते. फोन केला तर मागं बायकांचं हसणं ऐकू येतं आणि आई म्हणते, "आत्ता ठेव, हात गुतल्यात." कुठल्या बाईच्या सुनेला मुलगी झाली, कुणाच्या बागेत अवेळी पाऊस शिरला, हे तिला आता शेजारपाजाऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं. चाळीस वर्षं ती आमची आई होती, सासू होती. त्या आठवड्यात ती नुसती छाटणीवाली बाई असते आणि फोन ठेवायची घाई तिला असते, मला नाही.

काल तिला आणायला गेलो. ठरल्यापेक्षा लवकर पोचलो होतो. ऊन कलत होतं, बागेत कापल्या काड्यांचा खच होता आणि तारांमधून पलीकडचा डोंगर आरपार दिसत होता. ओळींमध्ये शोधत गेलो. तिसऱ्या वळणावर ती दिसली, पाठमोरी, वाकलेली. माझी चाहूल लागली तरी वळली नाही.

"आई, निघायचं ना? चाकणला ट्रॅफिक लागंल."

"दोन झाडं राहिल्यात," ती म्हणाली. "बस तिथं."

मी बांधावर बसलो.